काकूंचा शेरा

काका चाळीस वर्षं कारकून होते, त्यातली शेवटची सहा हेडक्लार्क. एवढ्या वर्षांत वरच्याच्या सहीशिवाय त्यांच्या टेबलावरून कागद हलला नाही. निवृत्तीनंतर मी त्यांना ब्लॉग काढून दिला. महिन्याने उघडून पाहतो तर एकोणीस लेख, आणि सगळे मसुद्यातच.

"काका, 'प्रकाशित करा' हे बटण दाबायचं."

"मंजुरी कोणाची?"

"कोणाचीच नाही. तुम्हीच मालक."

काकांचा चेहरा पडला. मी आपलं गमतीत म्हटलं, "बरं, काकूंची घ्या."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक लेखाची छापील प्रत काकूंपुढे जाऊ लागली. काकू भाजी निवडता निवडता वाचत, शेरा सांगत, आणि काका तो लेखाखाली टाइप करत. दिलेला शेरा खोडणं त्यांच्या लेखी गुन्हाच. त्यामुळे 'फायलींची निगा' हा लेख जगापुढे गेला तो शेऱ्यासकट: "यांना स्वतःच्या घराची किल्ली सापडत नाही. नाइलाजाने मंजूर."

वाचक तुटून पडले. लेख कोणी वाचेना, सगळे थेट तळाशी.

"अहो, तुमच्यापेक्षा मलाच जास्त अंगठे," काकू म्हणायच्या.

काका हसून घ्यायचे. एकदा मात्र मला म्हणाले, "नुसतं 'मंजूर' म्हणेल का रे ही कधी? पुढेमागे काही न जोडता?"

मग त्यांनी बदलीच्या गावाबद्दल लिहिलं. तिथे ते तीन वर्षं एकटे होते. दर रविवारी स्टेशनवर जायचे, घराकडची गाडी सुटेपर्यंत बाकावर बसायचे आणि खोलीवर परतायचे. घरी पत्र जायचं: 'येथे सर्व ठीक.'

काकूंनी भाजी बाजूला सारली. प्रत दोनदा वाचली.

"हे तेव्हा का नाही कळवलंत?"

"मसुदा केला होता गं."

"मग?"

"त्यावर सही कोणाची घेणार?"

 काका लॅपटॉप उघडून शेऱ्याची वाट पाहत होते.

"मंजूर," त्या म्हणाल्या.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काही नाही. टाका."

आकडे पाहिले तर ब्लॉगवरचा हा सगळ्यात पडेल लेख. चौदा जणांनी वाचला, त्यातल्या अकरा जणांची तक्रार, काकूंचा शेरा अर्धाच आलाय. काकांनी अकराही जणांना एकच उत्तर दिलं: 'शेरा पूर्ण आहे. यात दुरुस्ती होणार नाही.'

ते मात्र त्यांनी कोणालाही न दाखवता पाठवलं.