तात्यांचे मासे अजून पावशेरच

माझा चुलता दोन वर्षं माझ्याशी खोटं बोलला.
काल गेला.

तात्या म्हणायचो आम्ही त्यांना. उरवड्यात ओढ्याकडेला आमचं शेततळं, त्यात ते रोहू-कटला पाळायचे.

तीन वर्षांमागं माशांना रोग आला. अंगावर लाल जखमा. सकाळी बघावं तर मेलेले वर तरंगतायत. आठवडाभर मी आणि तात्या मासे काढून पुरत होतो. हाताचा वास जाईना.

शेजारी म्हणायचे, "तात्या, तळं बुजवा, प्लॉट पाडा. भूगाववाले बघा, जमिनी इकून कसं गाड्या फिरवत्यात."
तात्या म्हणाले, "आन् जे जगल्यात त्येंनी कुटं जायाचं?"

चुना टाकला, हळद टाकली. गोणीला भोकं पाडून त्यात पेंड-कोंडा भरायचा, बांबूला बांधून पाण्यात सोडायची. संध्याकाळी ओढून बघायचं. गोणी तशीच भरलेली वर आली की तात्या जेवायचे नाहीत.

हळूहळू जखमा भरल्या. नवी पिल्लं सोडली.
माझंच मन रमेना. आठवीत शाळा सोडली, पिरंगुटच्या कंपनीत टिकलो नाही, सुरत झालं, आता त्याच्याही पुढं वेरावळ. मासळीच्या फॅक्टरीत ग्रेडिंगला आहे. मासा हातात घ्यायचा, वजनाप्रमाणे वेगळा टाकायचा. दिवसभर तेच.

निघताना तात्या म्हणाले, "किलोचं झालं की जाळं टाकू. पयलं जाळं तू वढायचं. येशील न्हवं?"
"येतो की."

रविवारी त्यांचा मिस्ड कॉल यायचा, मग मी लावायचो.
"तात्या, खातायत का मासे?"
"लई. गोणी रिकामी येतीया."
"केवढे झाले?"
"आसतील पावशेर. तू तुजं काम बघ, घाई न्हाई."

बरं वाटायचं. सुट्टी मागायला नको.

एवढी पेंड खाऊन दोन वर्षं पावशेरच?
मी डोळे मिटून माशाचं वजन सांगतो. मला कळायला पाहिजे होतं.
खरं सांगू, मला कळून घ्यायचंच नव्हतं.

काल काकू फोनवर रडत होत्या. "आरं, तीन-तीन किलोचं झाल्यात. व्यापारी दोनदा येऊन गेला. ह्ये म्हणायचे, पोरगं आल्याबिगर जाळं भिजवायचं न्हाई. त्याला सांगू नको, जीवाला लावून घील."

आज सुट्टी मागितली. लगेच मिळाली.

काकू, गोणी भरून सोडा. उद्या संध्याकाळी ओढायला मी पोचतोय.

तात्या, उशीर झाला. जावा निवांत.