आबांच्या घड्याळातला गुलाल

आबांचं घड्याळ चोरीला गेलं होतं, आणि ते त्यांच्याच मनगटावर होतं.

"माझं पांढरं हुतं, दुधागत. हे कुणाचं शेणकुटागत आणून बांधलंय?" असं म्हणून माझे वडील पट्टा सोडायचे आणि उशा, गाद्या, तांदळाचा डबा उलटापालटा करायचे. सापडलं नाही की आळ सुनेवर. "तिनंच म्हायेरी धाडलं." असं विसरायला लागलेल्या माणसाशी वाद घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझ्या बायकोला ते पटलंही होतं. पण शिवाजी पेठेतल्या भिंती पातळ, शेजारणींचे कान तिखट आणि तिचं माहेर जवळच कबनूरला.

घड्याळ तेच होतं. चावीचं, आबांनी लग्नाआधी हौसेनं घेतलेलं. डायल तेव्हा पांढरी होती, हेही खरं. पुढं ती पिवळी पडली, मग तपकिरी झाली, आणि सहाच्या आकड्याभोवती गुलाबी झाक आली. ती जोतिबाची. चैत्र यात्रेत मी आबांच्या खांद्यावर होतो. सासनकाठीवर, देवाच्या त्या उंच मानाच्या काठीवर, गुलालासोबत उधळलेली खोबऱ्याची वाटी त्यांच्या मनगटावर बसली, काच तडकली आणि गुलाल आत शिरला. घरी आलेल्या प्रत्येकाला आबा घड्याळ दाखवून सांगायचे, "हात खाली घेतला असता तर काच वाचली असती. पण हे ध्यान पडलं असतं की!"

ध्यान म्हणजे मी. आता माझ्या खिशात नुकताच आलेला मोबाइल वेळ दाखवत होता; घड्याळ मला वेळेसाठी नकोच होतं.

पेठेतला घड्याळजी म्हणाला, "डायल नवी रंगवून मिळंल. पण जुना रंग सगळा खरवडायचा. एकदा गेला की गेला. करू?"

"उद्या सांगतो," म्हणालो. तो उद्या दिवाळी ओलांडून गेला तरी उजाडेना.

मधल्या मध्ये मी अक्कल चालवली. यात्रेला जाताना आमच्याकडे अंगाला खोबरेल चोपडतात, म्हणजे गुलाल नंतर सुटतो. मग डायलवरचाही थोडा सुटेल, आबांना जरा पांढरं दिसेल, मला जरा गुलाबी उरेल, दोघांचंही भागेल! आबा झोपलेले बघून चाकूच्या टोकानं काच उचकटली आणि खोबरेलाचा बोळा फिरवला. गुलाल जागचा हलला नाही. सहाचा आकडा मात्र अख्खा कापसावर आला. काच खोबऱ्यानं फोडली होती. राहिलेलं काम मी खोबरेलानं केलं.

बायको मागं उभी होती. "डोस्क्याला लावायचं त्याल हाय ते. तिथं लावलं असतं तर डोस्कं तरी चाललं असतं." मी हसलो. ती हसली नाही. "तुमास्नी गुलाल जपायचाय, जपा. पण त्यापायी मी किती दिवस चोर?"

उठलो आणि घड्याळ घेऊन दुकानात गेलो.

घड्याळजीनं डायल नाकाशी नेली. "त्याल कुणी घातलं?"

"वडिलांनी," मी म्हणालो. विसराळू बापाचा तेवढाच उपयोग.

"मग, खरवडू न्हवं?"

तोवर मी घड्याळ परत घेतलं होतं; त्यानं हात पुढं केला. घड्याळ माझ्या मुठीत गरम झालं होतं. शेवटी मी ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

घड्याळ आलं ते दुधागत, काचही नवी. आबांनी कानाला लावलं, चावी दिली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची ओळखच पटेना. "हेच की! कुठं घावलं?" मग सुनेला हाक मारली. "पोरी, तुझ्यावर उगा आळ घेतला." ती स्वयंपाकघरात गेली आणि तिकडं नुसता नळ वाहत राहिला.

मी आबांच्या शेजारी सरकलो. "जोतिबाला ह्याची काच फुटलेली. ध्यानात हाय न्हवं?"

आबांनी घड्याळावर दुसऱ्या हाताचा पंजा ठेवला, जणू मी ते हिसकावणार होतो. "फुटलेली न्हाय. नवं हाय की हे."

मग आपण मघाशी जरा तुटक बोललो असं त्यांना वाटलं असावं. माझ्याकडं बघून अदबीनं हसले. "बसा की पावणं. च्या घेणार न्हवं?"

घेतो म्हणालो.