कलंडत गेलेला साखरपुडा

माझ्या मेहुणीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे कलंडत गेलो, आणि त्याला जबाबदार मी होतो.

तेव्हा मी बडोद्यात एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवत असे. (शिकवत असे म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोलत असे.) बाजारात नव्या नव्या गाड्या येत होत्या, म्हणून लोक जुन्या विकत होते. अशीच एक जुनी जीप मी घेतली. पाठोपाठ एका परदेशी मासिकात वाचलं, की पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी असते, तिला स्वे बार म्हणतात. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून ती असते. पण खाचखळग्यात तीच आड येते, म्हणून खरे शौकीन तिथे ती सोडून ठेवतात. मग प्रत्येक चाक आपापल्या खड्ड्यात मोकळेपणी उतरतं!

झालं! निजामपुऱ्यातल्या रसिकभाई मिस्त्रीकडून मी दांडीला झटपट निघणाऱ्या दोन खिट्ट्या बसवून घेतल्या. रसिकभाईंनी हात पुसत बजावलं, "साहेब, रोड पर आवो एटले पाछुं जोडी देजो हं! नहीं तो गाडी झूलशे."

"रस्त्यावर आलं की दांडी परत जोडायची, हे मला सांगता? रसिकभाई, मी हा विषय शिकवतो!" मी म्हणालो.

रविवारी मही नदीकाठच्या कोतरांत, म्हणजे घळींत गेलो, खिट्ट्या काढल्या, दांडी सुतळीने वर बांधली आणि माकडासारखा खड्ड्याखड्ड्यांतून हिंडलो. घरी आल्यावर खिट्ट्या धुऊनपुसून शोकेसमध्ये ठेवल्या, पाहुण्यांना दाखवायला! दांडी जोडायची तेवढी राहिली.

गुरुवारी माझी मेहुणी कुंदा हिचा साखरपुडा होता, करजणला. मुलाच्या आजीला प्रवास झेपत नव्हता, म्हणून आम्हीच तिकडे जायचं ठरलं होतं. सहा महिन्यांपूर्वी कुंदाचं ठरलेलं लग्न ऐन वेळी मोडलेलं. त्यामुळे माझे सासरे नाना पंधरा दिवस नीट झोपले नव्हते. नाना जुन्या संस्थानी घराण्यातले. चहासुद्धा कोट घालून पीत. आणि नेमकी सकाळी ठरवलेली टॅक्सी आलीच नाही!

"माझी जीप आहे ना!" मी छाती काढून म्हणालो.

पुढे मी आणि नाना. मागे समोरासमोरच्या बाकांवर सासूबाई, माझी बायको सुमन आणि शालूत गुंडाळलेली कुंदा. मध्ये बासुंदीचं पातेलं.

अकोट्याच्या पहिल्याच सर्कलला मी डावीकडे वळलो आणि जीप उजवीकडे झुकली. नुसती झुकली नाही, लवून मुजरा केला तिने! नाना थेट माझ्या मांडीवर आले.

"हे काय, जावईबापू?"

मला आठवलं. दांडी! आणि खिट्ट्या शोकेसमध्ये! परत फिरावं तर मुहूर्त टळणार, आणि कबूल करावं तर... छे! मी गंभीरपणे म्हणालो, "काही नाही नाना, वजन नीट वाटलं गेलं नाहीये. असं करा, मी सांगेन त्या बाजूला सगळ्यांनी झुकायचं."

"झुकायचं?" मागून सुमन.

"शास्त्र आहे ते!"

मग सुरू झाली आमची कवायत. गाडी अगदी हळू चालवत मी ओरडायचो, "डावीकडे!" की सगळं कुटुंब डावीकडे. "उजवीकडे!" की उजवीकडे! हायवेला एक ट्रकवाला तर शेजारून चालता चालता आमच्याबरोबर झुकायला लागला. दर डावीकडे सासूबाई पातेल्यावर ओणव्या होत. "बासुंदी सांडली तर सोयरीक राहणार नाही," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. कुंदाने शेवटी पातेलं सरळ मांडीवर घेतलं, शालूसकट.

करजणला बाजारातून मुलाच्या गल्लीत वळायचं होतं. दारात सगळी मंडळी हार घेऊन उभी. मी सवयीने ओरडलो, "डावीकडे!" आणि व्याह्यांच्या डोळ्यांदेखत आमचं अख्खं खानदान, नाना कोटासकट, एका अंगावर आडवं झालं!

नवरामुलगा श्रीकांत पुढे आला. तो भरूचजवळच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने खाली वाकून जीपच्या पोटात पाहिलं आणि निरागसपणे विचारलं, "दांडी कुणी सुतळीने बांधलीय?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. नानांनी कोट झटकला आणि विचारलं, "जावईबापू, दांडी म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. खिट्ट्यांपासून शोकेसपर्यंत.

नाना लाल झाले. आता ही सोयरीकही गेली आणि ती माझ्यामुळे! तेवढ्यात मागून खुदकन आवाज आला. कुंदा हसत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा! शालूवर बासुंदीचा हा एवढा डाग, आणि ती पोट धरून हसतेय. तिला पाहून श्रीकांत हसला, मग आजी, मग सगळी गल्ली. नानाही हसले, पण कोटाच्या आत.

साखरपुडा थाटात झाला. जेवणं होईपर्यंत श्रीकांतने ट्रॅक्टरच्या दुकानातून दोन बोल्ट आणून दांडी जोडून टाकली. तरीही नाना परतताना एसटीने आले. पुढे कधीतरी मी श्रीकांतला विचारलं, "आम्हाला असं पाहून घाबरला नाहीस?"

"उलट दादा, म्हटलं, काय एकी आहे या घरात! एक माणूस ओरडतो आणि सगळे झुकतात."

आता दोघांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. सासरी मिक्सर, गीझर, पंखा, काहीही बिघडलं की नाना फोन श्रीकांतला करतात. मेकॅनिकलचा प्राध्यापक म्हणून मलाही आवर्जून बोलावतात म्हणा. कुणीतरी टॉर्च धरायला लागतंच ना!