सूर्यमाळचा राब आणि माझा अकरावा नियम

नाशिकहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत ब्रेकची रबरं, नट आवळायचे दोन पाने, पंक्चरचं सामान आणि एक कागद होता. रबरांची मला काळजी नव्हती. काळजी होती ती कागदाची.

मी मूळचा औशाकडचा. आठवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत नाशकात एका सायकलच्या दुकानात चिकटलो. एका संस्थेने जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना जुन्या सायकली दिल्या होत्या. उन्हाळ्यात वणवा दिसला की सायकलवर निघायचं आणि खालच्या पाड्याला सांगायचं, कारण तिकडे फोनला रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते. सायकली दिल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्यांना ब्रेक नाहीत. म्हणून मी.

कागदावर लिहिलं होतं, ‘वणव्याचे हवामान व सायकल सुरक्षा : रहिवाशांसाठी नियम’. एकूण अठरा. दुकानाचे शेठ म्हणाले, "प्रत्येक पाड्यावर मोठ्यानं वाचायचा. लोकांना कळलं पाहिजे."

"आणि मला नाही कळला तर?"

"तू फक्त वाच. कळायचं त्यांना आहे."

त्र्यंबकच्या पुढे रस्ता वळायला लागला आणि माझं पोट रस्त्याच्या उलट बाजूला. आमच्याकडे उतार म्हणजे ओढ्याकडे जाणारी गाडीवाट. इथे एसटीच्या खिडकीतून खाली बघितलं तर झाडांचे शेंडे दिसत होते, आणि त्या झाडांच्या खाली अजून एक रस्ता. शेजारच्या बाईंनी मला सीटचा दांडा धरलेला बघून विचारलं, "पहिल्यांदा?" मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून आवळ्याची सुपारी दिली. जव्हारपर्यंत मी ती गालात धरून बसलो. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, पण त्यांचं भलं होवो.

जव्हारला स्टँडबाहेर मिसळ खाल्ली, संस्थेच्या माणसाला भेटलो. त्याने माझा आणि संस्थेच्या पाटीचा फोटो काढला, मग माझा एकट्याचा, मग कागद धरून. काम अजून सुरूही झालं नव्हतं आणि त्याचा पुरावा तयार होता.

दुपारी जीपमधून दाभोशाला गेलो. जीपमध्ये बसायची माणसं आत होती तेवढीच बाहेर. लोंबकळणाऱ्यांपैकी एकाचा कोपर सगळा वेळ माझ्या खांद्यावर होता, त्यामुळे मला आधार वाटला. गावात आंब्याखाली पाच सायकली आणि वीसेक माणसं जमली होती. मी घसा खाकरून वाचलं, "नियम पहिला. सायकल चालवताना हेल्मेट घालावे."

एका म्हाताऱ्या बाबांनी डोक्यावरचा टॉवेल चाचपला. "हा चालल का?"

"नियम चौथा. सायकलवर दुसऱ्या व्यक्तीस बसवू नये."

"मंग बायकोला बाजारात कशी न्यावी?" बाबांनीच विचारलं.

मागून त्यांची बायको बोलली, "मी चालवते. तू ये माग पळत."

सगळे हसले. मीही हसलो, आणि नंतर आठवलं की हसायचं असं कागदावर कुठे लिहिलेलं नाही. ‘वारा जोराचा, हवा कोरडी व ऊन कडक असल्यास उघड्यावर आग लावू नये’ हा दहावा नियम वाचला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. बाबा म्हणाले, "हा बरा हाय. हा आमच्या बापानंबी सांगितला होता. बिनकागदाचा."

संध्याकाळपर्यंत पाचही सायकलींना ब्रेक लागले. पगाराच्या कामातही माणसं आभार मानतात हे मला तिथे कळलं. दुकानात तोंडातून ‘किती झाले’ एवढंच निघतं.

दुसऱ्या दिवशी मोखाडा आणि खोडाळा करत सूर्यमाळला पोचलो. एप्रिल महिना. सागाची पानं सगळी खाली, आणि त्यांच्यावरून चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज. मला एका पाड्यावर जानकीबाईंकडे उतरवलं. साठीच्या, ताठ, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणाऱ्या. घरात त्या आणि जाऊबाई चंदरी, बाहेर दोन बैल. अंगणाच्या कडेला गवताची मोठी उडवी (रचलेली गंजी) होती.

"मावशी, एवढं गवत?"

"पाऊस लागंपर्यंत बैलांनी काय, तुझा कागद खावा?"

रात्री नागलीची भाकरी, उडदाचं बेसन आणि सुक्या बोंबलाची चटणी. पाणी मागितलं तर अर्धा तांब्या मिळाला. विहीर खाली दरीत, तळाला गेलेली. झरा वाटीवाटीने भरायचा आणि बायका पाळीने बसायच्या. मी तो तांब्या तीन घोटांत संपवला. त्याची लाज मला दुसऱ्या दिवशी वाटली.

पहाटे उठलो तर घरामागे धूर. कागद घेऊनच धावलो. खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, फांद्या, पाला आणि गवताचा थर पसरला होता आणि त्याची एक बाजू पेटलेली. जानकीमावशी आणि चंदरीकाकू बाजूला उकिडव्या बसून बघत होत्या, जशी माणसं चहा उकळायची वाट बघतात.

"मावशी, आग!"

"मंग? राब हाय." राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी भाजून घ्यायची जमीन. तण मरतं, राख मिसळते, रोप जोमाने येतं. वारा निजलेला असतो म्हणून तो पहाटे भाजतात. भोवती दोन हात रुंद पट्टा झाडून स्वच्छ ठेवलेला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त अकरावा नियम माहीत होता. तो मी वाचला, "पेटलेली आग दिसल्यास त्वरित माती टाकून विझवावी."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मावशींनी कुदळ आणि घमेलं माझ्याकडे सरकवलं. "टाक."

मी टाकली. घामाघूम होईपर्यंत टाकली. काकू मध्येच म्हणत होत्या, "तिकडं थोडी कमी पडली, भाऊ." ज्वाळा बसल्या, धूर बारीक झाला. मला फार बरं वाटलं. आठवीनंतर पहिल्यांदा लेखी सूचनेप्रमाणे माझ्याकडून काहीतरी पूर्ण झालं होतं.

मग मावशींनी हंडे उचलले. पाण्याची पाळी आली होती. "आमी विहिरीवर जातो. तू इथंच बस. हात लावू नको, उठू नको."

बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण बाराव्या नियमात होतं, ‘सुकी पाने आगीपासून दूर सारावीत’. न पेटलेल्या बाजूचा पाला मी दाताळ्याने ओढला आणि नीट कडेला रचला. कडेला म्हणजे त्या झाडलेल्या पट्ट्यावर. बांधावरच्या वाळक्या गवताला चिकटून. वरून हात झटकले, आग विझलीच आहे असं ठरवलं आणि वरच्या पाड्यावरची सायकल दुरुस्त करायला गेलो.

अकराच्या सुमाराला तिथे मागचा ब्रेक बसवत होतो तेव्हा वारा सुटला. पुढ्यातला कागदच उडाला. तो पकडायला वळलो आणि खाली मावशींच्या घरामागे धुराचा खांब दिसला. या खेपेला जाड आणि वाकडा, उडवीच्या दिशेने कललेला.

मी त्याच सायकलवर टांग टाकली. ओरडत सुटलो, रस्त्यात भेटेल त्याला "वणवा, वणवा." पुढचा ब्रेक लावायचा राहिला होता. मागचा लावला होता, पण पाना तिथेच लटकत होता. डोक्यावर काही नाही, उतार असा की पॅडलची गरजच नाही, आणि दोन वळणांनंतर धुरात शिरलो. सहा नियम तरी मोडले असतील. तिसऱ्या वळणावर सायकल करवंदीच्या जाळीत गेली आणि मी तिच्या पुढे. उरलेला रस्ता पळत.

माती टाकली म्हणून आग विझली नव्हती. आतून धुमसत होती, वारा लागल्यावर तिने तोंड काढलं आणि मी बांधलेल्या पाल्याच्या पुलावरून पट्टा ओलांडला. बांध पेटला होता. उडवी दहा पावलांवर. माझ्या ओरडण्याने खालून चार-पाच माणसं आली होती, हिरव्या फांद्या घेऊन जमीन झोडत होती. एकाने माझ्या हातात फांदी कोंबली. "उचलून आपटू नको, दाबून धर. ठिणग्या उडतात." मी दाबून धरली. भुवया जळाल्याचा वास आला, त्या माझ्याच होत्या.

उडवीच्या बुडाला धूर धरला तेवढ्यात मावशी विहिरीवरून आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर हंडा. थांबल्या नाहीत. डोक्यावरचा हंडा उतरवला आणि सगळाच्या सगळा उडवीच्या बुडाशी ओतला. चार तास वाटीवाटीने भरलेलं पाणी. एकदा चर्र आवाज झाला आणि संपलं.

उडवी वाचली. बांध काळा झाला, राबाची अर्धी बाजू पाल्याविना उघडी पडली.

कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एक जण फक्त म्हणाला, "राबावर माती आमीबी टाकतो, भाऊ. हळू जळावा म्हणून."

मी मावशींकडे बघितलं. "मग सकाळी सांगितलं का नाही?"

"तू फुकट टाकत होतास. आमची पाठ वाचत होती," त्या म्हणाल्या. मग माझ्या चपलांकडे बघत, "उठू नको ते सांगितलं होतं."

जेवताना माझ्यापुढे तांब्या आला. या खेपेला पूर्ण भरलेला. मी हात लावेना.

"पी. उद्या तूच आणणार हायेस."

आणलं. एका दिवसाचा ठरलेला मुक्काम तीन दिवसांचा झाला. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून, चढावर ढकलत, पहाटेपासून पाळीला बसून. पुरुषाची जात पहिल्यांदाच रांगेत बसलेली बघून विहिरीवरच्या बायका मला हसायच्या आणि माझा नंबर मात्र राखून ठेवायच्या. उरलेल्या वेळात पाला गोळा केला. सायकलवर भारा बांधला (नियम सातवा, मोडला). तिसऱ्या पहाटे राबाची अर्धी बाजू पुन्हा भाजली. मी कडेला उकिडवा बसलो आणि राख थंड होईपर्यंत उठलो नाही. पाय इतके आखडले की काकूंनी हाताला धरून उभं केलं.

नाशकात परत आलो. शेठनी आधी माझ्या भुवया बघितल्या, मग कागद मागितला. "वाचलास का सगळीकडे?"

"वाचला."

"कळला लोकांना?"

"त्यांना आधीच कळलेला होता. मला उशीर लागला."

कागदाच्या तळाला थोडी जागा होती. तिथे मी आठवीच्या अक्षरात एकोणिसावा नियम लिहिला होता : ‘राब पेटवला की थंड होईपर्यंत शेजारून उठू नये.’ शेठनी तो वाचला आणि कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. पंपातून हवा भरताना माझं लक्ष त्याच्याकडे जातं. दुकानाच्या नळाखाली हात धुतानाही आता मी नळ पूर्ण सोडत नाही. पाण्याची धार बघितली की तो चर्र आवाज ऐकू येतो.

पाऊस लागून पंधरा दिवस झाल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे वारा घोंघावत होता, म्हणजे टेकाडावर चढून केलेला.

"सायकलवाला का?"

"मावशी! रोप कसं आलं?"

"एका बाजूचं बरं हाय. तू माती लोटली होतीस ना, त्या बाजूचं लई दाट आलं. चंदरी म्हणती, पुढल्या साली त्याला बोलव, सगळ्या राबावर टाकू दे."

"येतो की. नक्की येतो."

"ये," त्या म्हणाल्या. "पण कागद घरी ठेव."