डोळे न उघडलेलं सीताफळ

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जे लिहीन ते सरळ लिहीन. माझी बायको गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तिने लावलेलं झाडही गेलं, आणि ते माझ्या मूर्खपणामुळे गेलं.

मुलाचा फ्लॅट परदेशात, सेंगकांगला, अकराव्या मजल्यावर. आम्ही दोघं इथे आलो तेव्हापासून सकाळचा फेरा ठरलेला. लिफ्टने खाली, एलआरटी रेल्वेच्या पुलाखालून पाण्याच्या काठापर्यंत, आणि परत. मी पुढे, ती मागे. ती मागे पडायची कारण प्रत्येक झाडापाशी थांबायची. ही बकुळ. हा जाम. ही बारतोंडी, आपल्याकडे कुत्रं विचारत नाही आणि इथे बघा कशी माजलीय. वाटेत एक आंबा होता. खाली फळं पडलेली असायची आणि माणसं ती ओलांडून कामाला जायची. सरकारी झाडाचं फळ उचलायचं नाही, दंड होतो, असं मुलाने बजावलं होतं. मग ती नुसती वाकून वास घ्यायची. मी वैतागून म्हणायचो, "चल गं, झाडं काय पळून चालली नाहीत."

पाण्याच्या काठच्या मोठ्या झाडांना नावाच्या पाट्या लावल्यात. सगळं इंग्रजीत. तिला ते फार आवडायचं. सरकार झाडाला नाव लावून सांभाळतं, आपल्यापेक्षा बरं, असं म्हणायची.

आम्ही पुरंदरच्या बाजूचे. तिचं लहानपण सीताफळाच्या बागेत गेलेलं. एकदा मुलाने दुकानातून सीताफळं आणली. तिने बिया धुतल्या, वाळवल्या आणि आमच्या इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या खोलीच्या भिंतीलगत पुरल्या. तिथे एक चिनी म्हातारी मिरच्यांच्या कुंड्या ठेवायची. सात बियांतलं एक रोप जगलं. रोज तांदळाचं धुवण घेऊन ही खाली जायची. मी हसायचो. तर म्हणायची, "पहिलं फळ देवाला, दुसरं तुम्हाला." तुला काय, म्हटलं. म्हणाली, "मी बिया घेईन."

ती गेली तेव्हा झाड माझ्या खांद्याला लागत होतं. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं सगळं. झाडाला आलेलं फूल तिने पाहिलं नाही.

त्यानंतर मी एकटा फेरा मारू लागलो. आता मीच प्रत्येक झाडापाशी थांबायचो. मागून कोणी येत नव्हतं, तरी थांबायचो. घरी मात्र बोलणं तुटलं. सून विचारायची, बाबा, काही हवं का? मी हं करायचो.

सीताफळाची फुलं सगळी गळली, एकच फळ धरलं. लिंबाएवढं झालं, मग मुठीएवढं. वर्षश्राद्धाला तेच तिच्या फोटोपुढे ठेवायचं, एवढं एकच मी मनात धरलं होतं. सीताफळ घाईने काढून चालत नाही. अंगावरचे डोळे उघडायला हवेत, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पांढऱ्या दिसायला हव्यात. मग काढून तांदळात ठेवायचं. डोळे मिटलेलं काढलं तर दगड होतं.

डोळे उघडायला थोडे दिवस राहिले होते. एका सकाळी पाहतो तर खोडाला कागद बांधलेला. प्लास्टिकच्या पिशवीत, वर इंग्रजी छापील, खाली शिक्का. मला वाटलं, पाटी लागली. पाण्याकाठच्या झाडांसारखी हिच्या झाडाचीही नोंद झाली. मी उभ्या जागी रडलो. वर येऊन फोटोला म्हणालो, "तुझ्या झाडाला पाटी लागली गं." सुनेला सांगितलं नाही. ते आमच्या दोघांतलं होतं.

दोन दिवसांनी चिनी म्हातारी आपल्या कुंड्या हलवत होती. मला पाहून ती कागदाकडे बोट करून काहीतरी बोलली, मग झाडाकडे, मग वर माझ्या मजल्याकडे. तिला कौतुक वाटलं असं मी समजलो. छाती फुगवून तिला हात जोडले. ती बघतच राहिली.

पुढच्या आठवड्यात खाली गेलो तर भिंत मोकळी. जमीन सारखी केलेली, झाडलेली. मी तिथेच कठड्यावर बसलो. बऱ्याच वेळाने म्हातारी आली. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत ते फळ होतं आणि तो कागद. फळ तिने माझ्या हातात ठेवलं, कागदही दिला आणि गेली.

सुनेने कागद वाचला. परवानगी नसलेली झाडं आणि कुंड्या सात दिवसांत हलवा, अडचण असेल तर या नंबरवर कळवा, नाहीतर आम्ही काढू, असं लिहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, मला दाखवायचं होतं. एक फोन केला असता." मग ओट्याकडे वळली. पाठ हलत होती तिची.

त्या झाडाला पळता येत नव्हतं. हलवायचं काम माझं होतं.

फळाचे डोळे मिटलेले होते. पिकणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी तांदळाच्या डब्यात ठेवलं. सून रोज भाताला तांदूळ काढताना ते हाताने बाजूला करायची आणि परत झाकून ठेवायची. मी रोज दाबून पाहायचो. ते काळं पडत गेलं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सुनेने विचारलं, दुकानातून पिकलेलं आणू का? नको म्हटलं. तेच काळं फळ फोटोपुढे ठेवलं. भटजींनी ते पाहिलं आणि मंत्र सुरू केले.

दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन ते कापलं. कापलं कसलं, फोडलं. आत बिया होत्या. चिमटीत धरून पाहिल्या. पांढऱ्या, मऊ, नखाने दबणाऱ्या. एकही रुजणारी नव्हती.