बुरूज गाडीखाली गेला तेव्हा

गोंदियाकडच्या आमगावच्या सुशिलाबाईनं समुद्र पाहिला तो सत्तेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर रेतीचं घमेलं घेऊन.

धानकापणी आटोपल्यावर गावच्या लीलाधर मिस्त्रीनं दहा-बारा बाया-माणसं जमवून कोकणातल्या एका किल्ल्याच्या कामावर नेली. किल्ला बंदराच्या तोंडावर होता. पाण्याकडचा बुरूज फुगून वाकला होता. तो दगड दगड उतरवायचा आणि होता तसाच पुन्हा रचायचा. सुशिलाबाईचं अक्षर सुबक, म्हणून दगडांवर रंगानं आकडे घालायचं काम तिच्याकडं आलं.

जेवणाच्या सुट्टीत लीलाधरनं तिला बुरूज समजावला. बंदराच्या वाटेत पाण्याखाली खडक आहे. तो टाळायला प्रत्येक जहाजाला वळावं लागे, आणि वळताना त्याची अख्खी कूस किल्ल्यासमोर उघडी पडे. तोफांच्या दोन खिडक्या नेमक्या त्या वळणावर तिरप्या रोखलेल्या.

"म्हनून मूठभर माणसाईनं बंदर राखलं," तो म्हणाला. "एक दगड सरकला तं तोफ भलतीकडं पायते."

त्या दिवसापासून ती आकड्याशेजारी बाणही काढू लागली, दगडाचं तोंड कुठं ते कळावं म्हणून. वहीत दगडांच्या जागांचा नकाशाही उतरवला. दोनशे बारा दगड झाले.

एका सोमवारी कामावर येऊन बघते तर दगड जागेवर नाहीत. ठेकेदारानं ते पर्यटकांच्या गाड्या लावायच्या जागेत भराव म्हणून टाकले होते. वरून मुरूम दाबून रोलर फिरवला होता. इकडं सिमेंटच्या सरळ भिंतीचा पाया खणणं सुरू.

"दगड काऊन पुरले?" तिनं ठेकेदाराला गाठून विचारलं.

"तू आकडे घातलेस, तुझं काम संपलं. लोक इथं फोटो काढायला येतात, दगड बघायला नाही."

तिनं लीलाधरकडं पाहिलं. तो खाली मान घालून थापी धूत राहिला.

आठवड्यानं तपासणीसाठी पुरातत्त्व खात्याच्या एक अधिकारी बाई आल्या. ठेकेदारानं बायांना मागच्या तटाकडं पिटाळलं. सुशिलाबाई गेली नाही. हातात वही घेऊन सरळ पुढं आली.

"मॅडम, तुमी बुरूज पाहाले आल्या. तो तुमच्या गाडीखाली हाये."

"अडाणी बाई आहे," ठेकेदार हसला.

"अडाणी असन. पण बुरूज पुरला तो मी नाई."

अधिकारी बाईंनी वही चाळली, गाडी हलवली आणि तिथंच खणायला लावलं. हातभर खाली सत्त्याऐंशी नंबरचा दगड निघाला, बाणासकट.

काम थांबलं. संध्याकाळी ठेकेदारानं आमगावची सगळी टोळी हाकलली. परतीच्या गाडीत गोंदियापर्यंत तिच्याशी कोणी बोललं नाही. टोळीतला चैतराम तेवढा म्हणाला, "तुले कायले पाहिजे होती पंचाईत?"

तिनं वही पिशवीच्या तळाशी नीट ठेवली.

अडीच महिन्यांनी त्याच बाईंचा फोन आला. नवा ठेकेदार होता, वही हवी होती. वहीसोबत मी येईन आणि टोळीही येईल, असं तिनं सांगितलं. लीलाधर आला, चैतरामही आला. एकशे एकोणसत्तर दगड शाबूत निघाले. बाकीचे रोलरखाली फुटले होते. त्यांच्या जागी नवे घडवून बुरूज उभा राहिला. दोन्ही खिडक्या पुन्हा त्या वळणावर रोखल्या गेल्या.

रचलेला बुरूज पाहून सगळे खूश झाले. सुशिलाबाई नव्या, गुळगुळीत दगडांवरून हात फिरवत होती. जुना ठेकेदार तोवर पलीकडच्या खाडीवरच्या दुसऱ्या किल्ल्याच्या कामाला लागला होता.

"त्या किल्ल्याच्या दगडाईवर आकडे कोन घालून राहिलं?" तिनं अधिकारी बाईंना विचारलं.