शेवंतीने घडवलेलं बाळ

छपन्न साली कांदिवलीच्या लवूची बायको शेवंती ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळातून घरी आली, ती मुकीच. पहिला मुलगा मेलेला जन्माला आला, तेव्हापासून सात महिने ती ना रडली, ना कुणाशी बोलली. ताट पुढे केलं तर दोन घास खायची, नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसायची. लवूच्या थोरल्या भावाने तगादाच लावला होता, की हिला कायमची माहेरी पोचव आणि मोकळा हो. लवूने शिमग्यापर्यंत मुदत मागून घेतली होती.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी दोघांना बोरिवलीच्या विद्याधर मास्तरांकडे धाडलं. हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. जुनी भांडी, नांगर, मूर्तींचे तुकडे असलं काय काय गोळा करून त्यांनी दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं होतं. इस्पितळातून परतलेली चार-सहा माणसं दर रविवारी तिथे चित्रं काढत, मातीकाम करत. मास्तर माणूस सोन्यासारखा, पण एकदा कपाटात गेलेली वस्तू ब्रह्मदेव आला तरी बाहेर काढायचे नाहीत.

शेवंतीच्या बापाची कोकणात गणपतीची शाळा होती. मूर्ती घडवतच ती वाढलेली. शाडू पुढ्यात येताच तिची बोटं आपसूक चालू लागली. महिनाभर तिने बैल केले, जात्यावर बसलेल्या बायका केल्या. मास्तर खूश झाले, लवूचा जीव भांड्यात पडला. मग एका रविवारी तिने तान्हं बाळ घडवलं, मिटल्या डोळ्यांचं, ओंजळीत मावेल एवढं. मास्तरांनी ते कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवलं आणि खाली तिच्या नावाची चिठ्ठी लावली.

त्या आठवड्यात तिने अन्न टाकलं. पुढच्या रविवारी आली ती कपाटापुढे उभी राहिली, ती राहिलीच. लवूला शिमग्याची मुदत आठवली. आता भावाला काय सांगणार? मास्तर तिला समजावू लागले, की बाई, इथे ते जपून राहील, भट्टीत भाजून घेतलं की शंभर वर्षं टिकेल. तेव्हा ती बोलली.

"भाजू नका. तेका पाण्यात सोडूचा हा. तेव्हा माका तेचा तोंडपण कोणी दाखवूक नाय."

लवूची मान खाली गेली. त्या दिवशी मुलाला फडक्यात गुंडाळून तो एकटाच मूठमाती द्यायला घेऊन गेला होता. असंच करायचं असतं, असं वडीलधारे म्हणाले आणि त्याने केलं. परतल्यावर बायकोपाशी त्याविषयी अक्षर काढलं नाही. तिला त्रास नको म्हणून गप्प राहिला बिचारा, आणि तिथेच चुकला.

मास्तरांनी कपाट उघडलं आणि बाळ तिच्या हातांत ठेवलं.

तिघं जवळच्या देवळामागच्या तळ्यावर गेली. बाळ शेवंतीच्या पदरात होतं, लवू मोकळ्या हातांनी मागून चालत होता. पाण्याशी आल्यावर तिने वळून त्याला विचारलं, "असोच होतो तो?"

"नाक माझ्यासारखा होता," लवू म्हणाला. "बाकी सगळो तुझोच."

तिने बोट पाण्यात बुडवलं आणि बाळाचं नाक घासून घासून बसकं केलं, थेट लवूचं. मग त्याला दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. माती विरघळून दिसेनाशी झाली, तशी तिने हंबरडा फोडला. मास्तर घाबरून तिला आवरायला पुढे झाले. लवूने त्यांचा हात धरला.

"रडांदे तिका, मास्तर."